बी.एड.च्या वहीतलं अर्धं पान

आमच्या वेळचं बी.एड. एका वर्षाचं होतं. मी ते १९७३-७४ साली कोल्हापूरला केलं. त्या वेळच्या वह्या बरीच वर्षं माळ्यावर होत्या. परवा घराला रंग देण्याच्या निमित्तानं त्या खाली आल्या, तेव्हा शैक्षणिक मानसशास्त्राची वही चाळली. 'अपवादात्मक बालके' असा मथळा, त्याखाली बुद्धिगुणांकाचा तक्ता. सत्तरच्या खाली बुद्धिगुणांक असलेल्या मुलांचे तीन वर्ग: मोरॉन, इंबेसाइल, इडियट. (हो, हेच शब्द! तेव्हा ते शिव्या नव्हत्या, शास्त्र होतं.) त्यानंतर एक ओळ, 'अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा असतात.' आणि लगेच पुढचा धडा, 'अवधान व अभिरुची'. सगळं मिळून अर्धं पान.

याच वहीशेजारी दुसरी वही होती, थोर शिक्षणतज्ज्ञांची. रूसो, पेस्तालोझी, फ्रोबेल, माँटेसरी, ड्यूई. माँटेसरीबाईंवर सहा पानं. इंद्रियशिक्षण, स्वयंशिक्षण, बालकाचं स्वातंत्र्य, सगळं छान मुद्देसूद. पण बाईंनी ही पद्धत कुठल्या मुलांच्या संगतीत शोधून काढली, त्याबद्दल अक्षर नाही. त्या अर्ध्या पानाचं आणि या सहा पानांचं रक्ताचं नातं आहे, हे मला निवृत्तीनंतर वाचता वाचता कळलं. म्हणून आज हा लेख. जरा लांबेल, सांभाळून घ्या!

तर झालं असं. मारिया माँटेसरी १८९६ साली रोममध्ये डॉक्टर झाल्या. विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे, आणि तिथे मोठ्या रुग्णांबरोबर कोंडलेली लहान मुलं दिसत. ज्यांना तेव्हा मंदबुद्धीची म्हणत ती. बाईंचं म्हणणं असं पडलं, की हा प्रश्न औषधाचा कमी आणि शिक्षणाचा जास्त आहे. १८९८ साली तुरीनच्या शिक्षण परिषदेत त्यांनी ते ठासून मांडलं. मग १९०० साली रोममध्ये एक संस्था निघाली, 'ऑर्थोफ्रेनिक स्कूल'. मंद मुलांना शिकवणारे शिक्षक तयार करायचं ते कॉलेज होतं. डॉ. मोंतेसानो आणि माँटेसरी दोघं मिळून ते चालवत. पहिल्याच तुकडीत ६४ शिक्षक होते. संस्थेला जोडून मुलांचा वर्ग होता, म्हणजे शिक्षकांनी नुसती व्याख्यानं ऐकायची नाहीत, समोर मूल घेऊन शिकायचं. आपल्या 'सराव पाठा'चीच गोष्ट, पण किती वेगळी!

बाईंच्या हाताशी दोन जुन्या फ्रेंच डॉक्टरांची पुस्तकं होती. एक इतार. १८०० साली फ्रान्समध्ये आवेरोनच्या जंगलाकडून एक रानटी मुलगा सापडला, त्याला माणसांत आणण्यासाठी या इतारनं काही वर्षं खर्ची घातली. दुसरा त्याचा शिष्य सेगॅं. यानं मंद मुलांसाठी बोटांनी, डोळ्यांनी, कानांनी शिकायचं साहित्यच बनवलं. बाईंनी या दोघांचं लेखन फ्रेंचमधून इटालियनमध्ये स्वतःच्या हातानं लिहून काढलं, का तर लिहिताना एकेक शब्द तोलता यावा. (झेरॉक्स करून 'वाचलं' म्हणणाऱ्या आमच्या पिढीनं हे ऐकून ठेवावं.) दिवसभर मुलांना शिकवायचं आणि रात्री नोंदी काढायच्या. या दोन वर्षांचा अनुभव हीच शिक्षणशास्त्रातली आपली पहिली आणि खरी पदवी, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

त्यांची काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. लोकांनी तोंडात बोटं घातली. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. माझी मुलं जर इथवर आली, तर शहाणीसुरती म्हणवणारी मुलं शाळेत एवढी मागे कशी राहतात? आपल्या शाळा त्यांचं नक्की काय करतात? १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं, ते या प्रश्नापोटी. भोकांत बसवायचे लाकडी गट्टे, बटणं लावायच्या चौकटी, हात फिरवायची खरखरीत अक्षरं, हे साहित्य किंवा त्याचं मूळ रूप त्या आधीच्या मुलांच्या वर्गातून आलेलं होतं.

आपल्याकडे हे सगळं फार लवकर पोचलं. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३९ च्या नोव्हेंबरात स्वतः माँटेसरीबाई मद्रासला अड्यारला आल्या. महायुद्धामुळे अडकल्या आणि एकूण बरीच वर्षं या देशात राहून शिक्षक घडवत राहिल्या. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम मांडलं, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला. महागड्या साहित्याऐवजी खडे, शिंपले, बिया, पानं. 'अंगणवाडी' हा शब्दही त्यांच्याच कामातून आला. म्हणजे बघा, पॅरिसच्या रानटी मुलापासून निघालेला धागा कोसबाडच्या आदिवासी पोरांच्या अंगणापर्यंत आला. वाटेत एक गोष्ट मात्र गळून पडली. ज्या मुलांमुळे हे सगळं सापडलं, ती मुलं! ती आमच्या वहीत दुसऱ्या पेपरात, अर्ध्या पानात जाऊन बसली. आणि दोन्हींच्या मध्ये पूल बांधणारं कुणी भेटलं नाही.

असं नव्हे की महाराष्ट्रात या मुलांसाठी काही झालंच नाही. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा १८८०च्या दशकात निघाली होती. अंध मुलांसाठी मिशनऱ्यांनी आणि नंतर इतरांनीही शाळा काढल्या. १९०२ची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा प्रसिद्धच आहे. १९४४ साली मुंबईतल्या वकील दांपत्यानं आपल्या लेकीसाठी शाळा सुरू केली, ती आज शिवडीची जय वकील शाळा. १९७२ साली डॉ. मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, तीही लेकीच्याच पायी. (आईबापांनी उभ्या केलेल्या संस्था या क्षेत्रात किती आहेत, मोजून बघा एकदा.) १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण संस्था आली. या ठिकाणी काम करणारे शिक्षक वेगळं शिक्षण घेत, त्यांचे अभ्यासक्रम वेगळे, पदविका वेगळ्या. कित्येकांचं काम थक्क करणारं होतं. फक्त ते ज्ञान त्या कुंपणाबाहेर आमच्यापर्यंत येत नव्हतं.

आता इथे एक भानगड आहे, ती सरकारी खात्यांची आहे, म्हणून कंटाळवाणी वाटेल. पण सगळी मेख तिथेच आहे. आपल्याकडे शाळा शिक्षण खात्याकडे, आणि अंध-मूकबधिर-मतिमंदांच्या शाळा समाजकल्याण खात्याकडे. एका घरात दोन चुली. आमचा पगार एका खात्याचा, विशेष शाळेतल्या बाईंचा दुसऱ्या. आमची प्रशिक्षणं वेगळी, त्यांची वेगळी, तपासायला येणारे साहेब वेगळे. गावात दोन्ही शाळा समोरासमोर असल्या तरी शिक्षक एकमेकांना भेटायचे ते फक्त निवडणुकीच्या कामावर! महाराष्ट्रात २०२२च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याण असा स्वतंत्र विभाग झाला. चांगलंच झालं, पण शिक्षणाची चूल अजून वेगळीच आहे.

हे काही आपलंच खास नाही म्हणा. इंग्लंडातही १९७१ पर्यंत अगदी तीव्र मतिमंद मुलं 'शिकण्याच्या पलीकडची' ठरवून आरोग्य खात्याकडे सोपवलेली असत. १९७० साली कायदा झाला आणि दुसऱ्या वर्षापासून ती सगळी मुलं शिक्षण खात्याकडे आली. मग मेरी वॉर्नोक या तत्त्वज्ञ बाईंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९७८ साली तिचा अहवाल आला. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समिती म्हणाली, शाळेच्या काळात कधी ना कधी विशेष मदतीची गरज लागेल अशी मुलं दर पाचांत एक असतात. पाचांत एक! म्हणजे ही मुलं 'स्वतंत्र शाळेत असतात' हे खरं नाही, ती प्रत्येक वर्गात आहेत. आणि म्हणून नव्यानं तयार होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या अभ्यासक्रमात विशेष शिक्षणाचा भाग हवाच. सगळ्यांच्या, फक्त तज्ज्ञांच्या नव्हे.

आपल्याकडच्या कागदांवर तरी या बाबतीत काही कमी नव्हतं. १९४४च्या सार्जंट अहवालातच म्हटलं होतं, की अपंग मुलांना स्वतंत्र शाळेत पाठवायचं ते अगदी गरजच असेल तेव्हा, एरवी साध्या शाळेतच त्यांची सोय करावी. मग कोठारी आयोग, १९६४ ते ६६. आयोगाचे सचिव आमच्या कोल्हापूरकडचेच, जे. पी. नाईक. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, त्यामुळे हा अहवाल मी उशिरा का होईना मुळातून वाचला. अपंग मुलांचं शिक्षण दयेपोटी नको, ती माणसं उपयोगी नागरिक व्हावीत म्हणून हवं, असं आयोग स्वच्छ म्हणतो. आणि पुढे उद्दिष्ट काय देतो? १९८६ पर्यंत, म्हणजे पुढच्या वीस वर्षांत, अंध, बहिऱ्या आणि हातापायांनी अधू मुलांपैकी सुमारे १५ टक्के, आणि मतिमंदांपैकी ५ टक्के मुलांची सोय व्हावी. हे उद्दिष्ट होतं बरं का! उरलेल्या ८५ आणि ९५ टक्क्यांचं काय? तज्ज्ञ शिक्षक नव्हते, पैसा नव्हता, आयोग प्रामाणिकपणे शक्य तेवढंच बोलला, हे मलाही समजतं. पण जी मुलं वीस वर्षांच्या योजनेतही बसली नाहीत, ती कुठे गेली नव्हती. बरीचशी घरात होती, आणि काही आमच्या वर्गात मागच्या बाकावर.

त्यांतली एक मला चांगली आठवते. १९८०च्या आसपासची गोष्ट, सातारा जिल्ह्यातलं गाव. पाचवीच्या वर्गातली मुलगी. मी त्या वर्गाला नव्हते, पण तिची वही शिक्षकखोलीत सगळ्यांनी पाहिलेली, कारण अक्षर मोत्यांसारखं. फळ्यावरचं उतरवून घेण्यात पहिला नंबर. श्रुतलेखन आलं की कोरं पान. 'घुमी आहे', 'हट्टी आहे', 'लक्ष नसतं', असे निदानांचे प्रकार झाले. एके दिवशी शाळेचे शिपाईमामा म्हणाले, "बाई, ती पोर घंटा ऐकत न्हाई. बाकीची उठली की मग उठती." झालं! मिरजेला नेऊन तपासलं, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. त्या शाळेत चौदा शिक्षक होते, चौदाही प्रशिक्षित. पण कमी ऐकणारं मूल ओळखायचं कसं, हे आम्हा कुणाच्याच डी.एड.-बी.एड.मध्ये नव्हतं. मामांचं शिक्षण चौथी. मुलीला पहिल्या बाकावर बसवलं, तिच्याकडे तोंड करून बोलायचं असं ठरलं. यंत्र घेणं तिच्या वडिलांना झेपण्यासारखं नव्हतं. सातवीनंतर ती शाळेत आली नाही.

केंद्र सरकारची 'अपंग एकात्म शिक्षण योजना' तेव्हा कागदावर सुरू होऊन काही वर्षं झाली होती. १९७४ साली ती सुरू झाली, आणि कुणी सुरू केली? समाजकल्याण मंत्रालयानं! साध्या शाळेत मुलं घालायची योजना, पण शाळा ज्यांच्या ताब्यात त्या खात्याकडे ती यायला १९८२ उजाडलं. १९८६च्या राष्ट्रीय धोरणात प्रथम नीट लिहिलं गेलं, की शिक्षक-प्रशिक्षणाचीच फेररचना करावी, विशेषतः प्राथमिक शिक्षकांच्या. दुसऱ्याच वर्षी युनिसेफच्या मदतीनं काही निवडक राज्यांत एकेका गटात प्रयोग झाला. त्यात गटातल्या सगळ्या शिक्षकांना थोड्या दिवसांची ओळख, काहींना काही आठवड्यांचं प्रशिक्षण आणि मोजक्यांना वर्षभराचं, अशी उतरंड होती. मला ही रचना आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. सगळे तज्ज्ञ होऊ शकत नाहीत, पण सगळ्यांना ओळखता तरी आलं पाहिजे.

नंतर मात्र कायद्यांनी चुली आणखी पक्क्या केल्या. १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. विशेष शिक्षकानं परिषदेकडे नोंदणी केलेली असलीच पाहिजे, नोंदणीशिवाय काम केलं तर शिक्षा. हेतू उत्तम, कारण कुणीही उठून 'मी मतिमंदांना शिकवतो' म्हणत दुकान मांडू नये. १९९३ साली साध्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी वेगळी राष्ट्रीय परिषद, एन.सी.टी.ई. असे बी.एड. दोन झाले, एक साधं आणि एक विशेष. परिणाम असा, की शिक्षकखोलीत वाक्य ऐकू येऊ लागलं, "हे आपलं काम नव्हे, त्यासाठी ट्रेनिंग घेतलेले लोक असतात." अज्ञानाला कायद्याचा आधार मिळाला, असं मला वाटतं. (कुणाला पटणार नाही, त्यांनी जरूर लिहावं.)

पुढे १९९५चा अपंग व्यक्ती कायदा, २००९चा शिक्षण हक्क कायदा. २०१६च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात अध्ययन अक्षमताही आली. महाराष्ट्र त्यात जरा पुढे होता, दहावीला या मुलांना सवलती १९९६ पासूनच मिळू लागल्या होत्या. पण डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचवला तो प्रशिक्षणानं नव्हे, २००७च्या 'तारे जमीन पर'नं! त्या वर्षी किती पालक शिक्षकांना येऊन विचारत होते, "माझ्या मुलाला तसलं काही नाही ना?" सिनेमानं एका महिन्यात केलं ते आमच्या खात्याला पन्नास वर्षांत जमलं नाही. असो.

आता आमच्या घरातली मंडळी ज्या बातमीची वाट बघत असतील ती. माझ्या भाचीची लेक सध्या बी.एड. करते आहे. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि त्यात 'समावेशक शाळेची निर्मिती' हा विषय सगळ्यांना आला. अर्धा पेपर! अर्ध्या पानाचा अर्धा पेपर व्हायला चाळीसच्या वर वर्षं लागली. तिनं फोनवर विचारलं, "आजी, तुमच्या वेळी होतं का गं हे?" मी तिला वहीतलं पान वाचून दाखवलं, तर ती हसायलाच लागली. मग मी तिच्या नोट्स मागवल्या. खरं सांगू? भाषा फार सुधारली आहे. इडियट-मोरॉन गेले. मूकबधिरचं कर्णबधिर झालं, अपंगचं दिव्यांग. कलमं आहेत, वर्षं आहेत, युनेस्कोची १९९४ची सालामांका परिषद आहे. पण समोर मूल घेऊन शिकायचं म्हणाल, तर एक शाळाभेट आणि तिचा अहवाल. रोमच्या त्या कॉलेजात १९०० साली जे होतं, ते यात नाही.

तज्ज्ञांची बाजूही सांगायला हवी. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं कंत्राटावर, मानधनावर शाळा-शाळा फिरणारे विशेष शिक्षक होते. २०२४ साली सरकारनं केंद्र पातळीवर ४,८६० पदांना मंजुरी दिली. म्हणजे शाळांच्या एका केंद्राला एक माणूस. तो आठवड्यातून एकदा येईल फार तर. उरलेले दिवस ते मूल तुमच्या-आमच्या भाचीपुतण्यांच्या वर्गात.

म्हणून मी तिला सांगितलं, अहवालापुरतं जाऊ नकोस, तुमच्या गावातल्या कर्णबधिर शाळेत दिवाळीच्या आधी आठ दिवस नुसती जाऊन बस. तिथल्या बाई काय करतात ते बघ, आणि विचार की साध्या शाळेतलं मूल कसं ओळखायचं. गेली बिचारी. तिथल्या बाईंनी तिला दोन-चार साध्या गोष्टी शिकवल्या. मूल पुस्तक किती जवळ धरतं ते बघ. बोलताना तुझ्या ओठांकडे बघतं का, ते बघ. आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला पाठीमागून, हळू आवाजात, नावानं हाक मार. सराव पाठाला पाचवीचा वर्ग मिळाला तेव्हा तिनं हे करून पाहिलं आणि रात्री मला फोन.

"आजी, बेचाळीसपैकी दोघं वळले नाहीत."

"मग?"

"एकाचा कान वाहतोय, त्याच्या आईला बोलावलंय. दुसरा नुसता द्वाड आहे!"